मधुमेह : डोळ्याच्या पडद्यावर साखरेचा मारा

मधुमेहावर या सदरात काही लिहिले, की वाचकांची पत्रे येतात आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो. साखर रक्तात वाढते, लघवीत उतरते, इथपर्यंत समजले. पण तिचा डोळ्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पायाची जखम चिघळली तर ती डोळ्यांना दिसते. डोळ्याच्या आत काय चालले आहे ते मात्र आरशात पाहूनही कळत नाही. आम्ही डॉक्टर मंडळीही बहुधा 'साखरेने डोळे खराब होतात, जपा' एवढे सांगून मोकळे होतो. खराब होतात म्हणजे नेमके काय होते, हे एकदा नीट समजले तर तपासणीचा कंटाळा पुष्कळ कमी होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज थोडे खोलात जाऊ.

प्रथम एक घोटाळा दूर करायला हवा. 'आजोबांच्या डोळ्यावर पडदा आला' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा मोतीबिंदूविषयी बोलत असतो. मोतीबिंदूत डोळ्याच्या पुढच्या भागातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवता येते. आज ज्याच्याविषयी लिहायचे तो पडदा निराळा. तो डोळ्याच्या मागच्या बाजूस, गोळ्याला आतून अस्तर लावावे तसा पसरलेला असतो. त्याचे शास्त्रीय नाव दृष्टिपटल. जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. पण त्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. मंद उजेडातले दंडपेशींमुळे दिसते, तर रंग आणि बारीक अक्षरे शंकुपेशींमुळे. पडलेल्या प्रकाशाचा संदेश करून तो मेंदूकडे पाठवणे हे या पडद्याचे काम. भिंग बदलता येते, पडदा बदलता येत नाही, हे येथेच ध्यानात ठेवावे.

शरीरातला खादाड अवयव

हा एवढासा पडदा भलताच खादाड आहे. वजनाच्या मानाने पाहिले तर तो मेंदूपेक्षाही अधिक प्राणवायू वापरतो. आणि गंमत अशी, की त्याची भूक उजेडापेक्षा अंधारात जास्त असते. दिवा मालवून आपण झोपलो म्हणजे डोळ्यांना विश्रांती मिळाली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अंधारात दंडपेशींमधून विद्युत् प्रवाह अखंड चालू असतो, आणि पेशीत शिरणारे क्षार सतत बाहेर उपसण्यासाठी पुष्कळ ऊर्जा खर्च होते. प्रकाश पडला की हा प्रवाह कमी होतो. म्हणजे रात्रपाळी हीच पडद्याची जड पाळी!

ही ऊर्जा येते मुख्यतः साखरेतून, म्हणजे ग्लुकोजमधून. साखर वापरण्याची पडद्याची रीत मात्र जरा विचित्र आहे. १९२० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांना असे आढळले, की प्राणवायू हाताशी असतानाही पडदा आपली बरीचशी साखर पूर्ण जाळत नाही. तिचे लॅक्टिक आम्ल करून टाकतो. दमछाक होईपर्यंत धावल्यावर स्नायूंत तयार होते तेच हे आम्ल. (वॉरबुर्ग यांना १९३१ साली पेशींच्या श्वसनक्रियेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.) साखर अशी अर्धवट वापरली की ऊर्जा फार थोडी निघते, म्हणून साखर लागते फार. निसर्गाने ही उधळपट्टी का चालू दिली असावी? एक कारण असे सांगतात, की दंडपेशींची टोके रोज झिजून गळतात आणि जवळजवळ दहावा हिस्सा रोज नव्याने बांधावा लागतो. त्या बांधकामाचा मालही साखरेतूनच मिळवावा लागतो. शिवाय हे आम्लही वाया जात नाही, शेजारच्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात.

असा हा अवयव साखरेवाचून मिनिटभरही राहू शकत नाही. त्यामुळे त्याला साखर पोचवण्याची व्यवस्थाही खास आहे, आणि मधुमेहात सारे दुखणे येथूनच सुरू होते.

कुलूप नसलेले दार

इन्सुलिन ही किल्ली आहे, ही उपमा बहुतेक मधुमेहींनी डॉक्टरांकडून ऐकलेली असते. स्नायू आणि चरबी यांच्या पेशींना ती चपखल लागू पडते. त्यांच्या पृष्ठभागावरची साखरेची दारे इन्सुलिनचा निरोप आल्यावरच पुरेशी उघडतात. मधुमेहात एक तर इन्सुलिन कमी पडते किंवा त्याचा निरोप पेशी नीट ऐकत नाहीत. मग दारे बंद राहतात आणि साखर रक्तातच फिरत राहते.

दृष्टिपटलाच्या दाराला मात्र कुलूपच नाही. त्याच्या केशवाहिन्यांच्या भिंतीत ग्लूट-१ नावाची साखरवाहक प्रथिने असतात. ती इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. रक्तात जितकी साखर, तितक्या प्रमाणात ती आत सोडतात. निरोगी माणसात ही सोय उत्तम आहे. दोन वेळ जेवण मिळाले नाही म्हणून दृष्टी मंदावून चालणार नाही. मेंदूलाही साखर याच मार्गाने मिळते.

आता मधुमेही माणसाची स्थिती पाहा. निरोगी व्यक्तीच्या रक्तात उपाशीपोटी साखर ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. आटोक्यात नसलेल्या मधुमेहात ती २५० किंवा ३०० मिलिग्रॅमवर महिनोन्‌महिने राहते. स्नायू दार लावून उपाशी बसलेले आणि पडद्यात मात्र साखरेचा पूर. शरीरातील पुष्कळ पेशी बाहेर साखर वाढल्यावर आपली आवक काही प्रमाणात कमी करू शकतात. केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना ते जमत नाही. जी पेशी साखर नाकारू शकत नाही, तीच मधुमेहात आधी बिघडते. डोळा, मूत्रपिंड आणि मज्जातंतू हे तीन अवयव मधुमेहात प्रामुख्याने का बळी पडतात, याचे बरेचसे उत्तर या एका गोष्टीत आहे.

जादा साखर आत आली की तिचे काय होते? आपल्याकडच्या साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते. गव्हाणीत मावेल त्याहून अधिक ऊस आला तर तो आजूबाजूच्या गुऱ्हाळांकडे वळतो. पेशीतही नेहमीचा मार्ग तुंबला की साखर आडवाटांना लागते. एका आडवाटेवर अल्डोज रिडक्टेज नावाचे विकर साखरेचे सॉर्बिटॉल बनवते. हे करताना पेशीतील एक मोलाचे द्रव्य खर्च होते. पेशीला आतून 'गंज' चढू नये म्हणून जी व्यवस्था असते, तिला हेच द्रव्य लागते. म्हणजे नुकसान दुहेरी. डोळ्याच्या भिंगातही हीच क्रिया चालते. भिंगात पाणी शिरते, ते फुगते, पुढे मोतीबिंदू लवकर धरतो.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. साखर वरखाली होत असताना भिंगाची जाडीही बदलते, म्हणून चष्म्याचा नंबर महिन्या-दोन महिन्यांत पालटतो. मधुमेह नुकताच निघाला असेल किंवा औषध नुकतेच बदलले असेल, तर साखर काही आठवडे स्थिर होऊ द्यावी आणि मगच चष्मा करावा. नाहीतर पैसे वाया जातात आणि दुकानदाराला उगाच बोल लागतो.

दुसरी आडवाट स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन समजेल. बासुंदीसाठी दूध आटवताना त्याला हळूहळू बदामी रंग येतो. तो दुधातील साखर आणि प्रथिने एकमेकांना चिकटून झालेल्या क्रियेचा असतो. आपल्या शरीरातही साखर प्रथिनांना अशीच चिकटते, अर्थात चुलीवरच्यापेक्षा फार सावकाश. रक्तातील लाल द्रव्याला किती साखर चिकटली आहे ते मोजणे म्हणजेच डॉक्टर लिहून देतात ती एचबीए१सी तपासणी. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून डॉक्टरांना फसवता येत नाही, ते यामुळेच. लाल पेशी बदलतात. पण केशवाहिन्यांच्या भिंतीतील प्रथिने फार दिवस टिकतात. त्यांना चिकटलेली साखर वर्षानुवर्षे तिथेच राहते आणि भिंत जाड व ताठर होत जाते.

आडवाटा आणखीही आहेत. अमेरिकेतील मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये असे मांडले, की या साऱ्यांचे मूळ एकच आहे. साखरेच्या माऱ्याने पेशीतील मायटोकाँड्रिया नावाच्या भट्ट्यांतून प्राणवायूचे दाहक कण भरमसाट बाहेर पडतात आणि त्यांतून सगळी बिघाडाची साखळी सुरू होते. ही मांडणी पुष्कळांना पटली आहे, तरी वाद संपलेला नाही. आडवाटेवर नुसता नाका बसवून भागत नाही, हेही दिसून आले आहे. सॉर्बिटॉलची वाट अडवणारे सॉर्बिनिल नावाचे औषध रुग्णांना देऊन पाहिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पडद्याचा बिघाड त्याने थांबला नाही. तेव्हा साखरेचा लोंढाच कमी करणे, याला आजही पर्याय नाही.

भर पुरात तहान

आता या बिघाडाने पडद्यात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. पडद्यातील केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या आधारपेशी असतात. शरीरात इतर ठिकाणी त्या विरळ असतात, पडद्यात मात्र दाट. साखरेच्या माऱ्याने या आधारपेशी लवकर मरतात. आधार गेला की सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तसे वाहिनीला बारीक फुगे येतात. नेत्रतज्ज्ञाला आत लाल ठिपके दिसतात, त्यांतले पुष्कळसे हे फुगेच. त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते, कधी रक्त. झिरपलेले पाणी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे ज्या बिंदूने आपण वाचतो आणि चेहरा ओळखतो तिथे साचले, तर नजर मंदावते. याला मॅक्युलाची सूज म्हणतात.

दुसरीकडे काही केशवाहिन्या पुरत्या बंद पडतात. त्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणजे प्राणवायू मिळत नाही. आजूबाजूला साखर ओसंडते आहे, पण ती जाळायला हवा नाही! घुसमटलेला पडदा मग मदतीसाठी एक रासायनिक हाक देतो. व्हीईजीएफ नावाचे हे द्रव्य नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा संदेश देते. मधुमेहींच्या डोळ्यातील द्रवात ते वाढलेले असते, हे १९९४ मध्ये दाखवण्यात आले. हाकेला ओ देऊन नव्या वाहिन्या येतात खऱ्या, पण त्या घाईघाईने घातलेल्या कच्च्या बांधासारख्या असतात. कधी फुटतील याचा नेम नसतो. रात्री वर्तमानपत्र वाचून झोपलेला माणूस सकाळी उठतो तो डोळ्यापुढे कोळ्याचे जाळे किंवा काळी शाई पसरल्यासारखी दिसते. आत रक्तस्राव झालेला असतो. पुढे या वाहिन्यांबरोबर येणारे तंतू आकसतात आणि पडदा जागेवरून ओढला जातो.

असा माणूस डॉक्टरांना सांगतो, 'काल एकदम झाले.' ते एकदम झालेले नसते. आठ-दहा वर्षे आत काम चालू असते. त्या काळात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही आणि दृष्टीही उत्तम असते. पडद्याचा मध्यबिंदू शाबूत असेपर्यंत भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ सुद्धा माणूस खणखणीत वाचतो. म्हणून मधुमेहींना पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते, की चष्म्याचा नंबर तपासणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. चष्म्याच्या दुकानात किंवा एखाद्या शिबिरात तक्ता वाचून 'डोळे एकदम ठीक' असा दाखला घेऊन आलेली मंडळी खूप भेटतात. त्यांच्यापैकी कितीजणांच्या बाहुलीत औषध घालून मागचा पडदा पाहिला गेला, असे विचारले तर उत्तर नाही असेच येते. घरातल्या बायकांच्या बाबतीत हे अधिक घडते. त्यांची साखर तपासली जाते तीच मुळात उशिरा, आणि डोळ्याचा विषय निघतो तो सुईत दोरा ओवता येईना तेव्हा. चाळिशी समजून त्यांना चष्मा दिला जातो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. २०२२ मधील दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत मधुमेहींपैकी साधारण आठांत एकाच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा आढळल्या. यांतील बहुतेकांना त्याची दाद नसते.

आटोक्यात ठेवल्याने काय साधते

साखर आटोक्यात ठेवल्याने पडदा खरोखर वाचतो का, याचे ठाम उत्तर १९९३ मध्ये मिळाले. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवर सरासरी साडेसहा वर्षे ही चाचणी चालली. सारे जण इन्सुलिनवर अवलंबून असलेले, म्हणजे टाइप १ मधुमेहाचे. ज्यांच्या पडद्यावर आरंभी काही खूण नव्हती, त्यांच्यात काटेकोर उपचारांनी बिघाड सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. नवल पुढेच आहे. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली; तरीही आधी साखर सांभाळलेल्यांचे डोळे पुढे कित्येक वर्षे अधिक चांगले राहिले. शरीर जुनी साखर जणू लक्षात ठेवते. भिंतीला चिकटून बसलेली ती साखर या स्मरणाचे एक कारण असावे. मधुमेह निघाल्यावरची पहिली काही वर्षे, 'अजून काही त्रास नाही' म्हणून जी हमखास ढिलाईत जातात, तीच डोळ्यासाठी सर्वांत मोलाची असतात.

चाळिशीनंतरच्या, म्हणजे टाइप २ मधुमेहाविषयी ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखरेइतकेच महत्त्व रक्तदाबाला असल्याचे त्यात दिसले. रक्तदाब काटेकोर सांभाळलेल्या गटात पडद्याचा बिघाड वाढण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. वाहिनीची भिंत आधीच कमकुवत, त्यात आतून दाब जास्त, मग ती गळणारच.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे चढलेली साखर औषधाने झपाट्याने खाली आणली, तर पडद्याचा बिघाड काही महिने उलट वाढलेला दिसू शकतो. म्हणून जुन्या मधुमेहीने इन्सुलिन सुरू करण्यापूर्वी किंवा उपचार एकदम कडक करण्यापूर्वी पडदा तपासून घ्यावा. 'इन्सुलिनने डोळे जातात' ही गावोगाव पसरलेली समजूत बहुधा यातूनच आली असावी. ती चुकीची आहे. पुढे फायदाच होतो. इन्सुलिन टाळणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

बिघाड पुढे गेला तर लेसर आहे. लेसर म्हणजे पडद्याला 'टाके घालणे' असे रुग्ण समजतात. नव्या वाहिन्या उगवू लागल्यावर जे लेसर करतात, त्यात पडद्याच्या कडेकडेच्या भागातील काही दंडपेशी मुद्दाम जाळल्या जातात. वर म्हटलेल्या खादाडपणाची येथे आठवण ठेवा. खाणारी तोंडे कमी केली, की उरलेल्या पडद्याला प्राणवायू पुरतो आणि ती घातक हाक मंदावते. अमेरिकेत १९७० च्या दशकात झालेल्या चाचणीत या उपायाने तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. पण हा उपाय राहिलेली नजर वाचवण्यासाठी आहे, गेलेली परत आणण्यासाठी नव्हे. रात्रीची नजर किंवा कडेचे दिसणे थोडे कमीही होते. हे आधी सांगितले जात नाही आणि मग 'लेसर करूनही दिसेना' अशी तक्रार होते. मॅक्युलाच्या सुजेवर आता डोळ्यात इंजेक्शन देतात. त्यातील औषध व्हीईजीएफची हाक दाबून टाकते. याने पुष्कळांची नजर सुधारतेही. परंतु एका इंजेक्शनात काम होत नाही, ती ठरावीक अंतराने घ्यावी लागतात. दोन घेऊन थांबलेल्या रुग्णाची सूज परत येते.

डोळ्यात मध घालणे, कोणा पालेभाजीचा रस टाकणे असले प्रकार मात्र करू नयेत. डोळ्यावर टाकलेला रस मागच्या पडद्यापर्यंत पोचत नाही. पुढच्या बुबुळाला जखम मात्र होते.

तपासणी केव्हा करावी? चाळिशीनंतरचा मधुमेह ज्या दिवशी निघेल त्याच महिन्यात, कारण तो आत काही वर्षे आधीपासून असण्याचा संभव असतो. लहान वयात झालेल्या मधुमेहात पाच वर्षांच्या आत. नंतर दोन्ही प्रकारांत दरवर्षी, आणि बिघाड आढळला तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात हा बिघाड वेगाने वाढू शकतो. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी होते. जाताना साखरेचे आणि रक्तदाबाचे कागद, सध्याचा चष्मा आणि चालू औषधांची चिठ्ठी न्यावी. बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घालतात. त्यानंतर काही तास उजेड खुपतो आणि जवळचे अक्षर लागत नाही, म्हणून त्या दिवशी बँकेची किंवा हिशेबाची कामे ठेवू नयेत. बरोबर कोणालातरी न्यावे आणि परतताना गाडी त्यालाच चालवू द्यावी.